छंद मोडू नका, त्यातून वाट काढा

स्वमग्न मुलांच्या आईवडिलांची एक तक्रार ठरलेली असते. "दिवसभर पंख्याकडेच बघत बसतो." "लोकलची सगळी स्टेशने एका दमात म्हणतो, पण पाणी हवे हे सांगत नाही." वस्तीत काम करताना आम्ही हे पुष्कळदा ऐकतो. एका खोलीत सहा माणसांचा संसार, वडील कामावरून थकून आलेले आणि मुलाचे तेच ते चालू. मग कोणी मारतो, कोणी वस्तू लपवतो, तर कोणी बाधा झाली म्हणून भगताकडे नेतो.

ही बाधा नव्हे. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम. ही मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे. अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. एखाद्याच गोष्टीचा अतोनात नाद हे तिचे एक लक्षण. माणसे केव्हा काय बोलतील याचा ह्या मुलांना अंदाज लागत नाही. पंखा मात्र रोज तसाच फिरतो, स्टेशनांचा क्रम बदलत नाही. त्यात मुलाला धीर वाटतो, आनंद मिळतो.

पालकांनी हे ओळखले तर काय होते? अमेरिकेतील पत्रकार रॉन सस्किंड यांचा मुलगा ओवेन तीन वर्षांचा असताना त्याचे बोलणे गेले. डिस्नेची तीच ती कार्टूने बघणे हाच त्याचा नाद. एके दिवशी वडिलांनी 'अल्लादीन'मधल्या पोपटाची बाहुली हातात घेतली आणि पोपटाच्या आवाजात त्याच्याशी बोलू लागले. मुलाने उत्तर दिले! पुढे सारे घरच कार्टूनमधले संवाद बोलू लागले आणि त्यातून ओवेनचे बोलणे वाढले. वडिलांनी ही हकिकत २०१४ साली पुस्तकात लिहिली.

टेंपल ग्रँडिन लहानपणी घोड्याची तोंडेच काढीत. आईने चित्रकला थांबवली नाही, इतर चित्रे काढायला उत्तेजन दिले. पुढे त्यांना गुरांना धरून ठेवणाऱ्या यंत्राचा नाद लागला. इतरांना ते विचित्र वाटले, पण विज्ञानाच्या शिक्षकांनी त्यातूनच अभ्यासाची गोडी लावली. त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका झाल्या.

प्रत्येक मूल प्राध्यापक होणार नाही, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. नादातून नोकरी मिळावी, असा हट्ट नको. पण बोलणे, मोजणे, वाचणे यांची सुरुवात तिथून करता येते. स्टेशनांची नावे आवडतात ना, मग तीच पाटीवर लिहून द्या. दादरनंतर कोणते, हे त्याला विचारा. नादाला वेळ ठरवून द्या, आणि थांबवण्याआधी "आता पाच मिनिटे राहिली" असे सांगा. शिक्षा म्हणून त्याची वस्तू हिसकावू नका. मात्र रूळ, रस्ता, विजेचे बटण असा जिवाशी खेळ असेल तर ठामपणे अडवा आणि त्याऐवजी चित्र, खेळणे द्या. भगताला द्यायचे पैसे वाचवा. सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात मुलाला दाखवा आणि त्याला काय आवडते, हेही डॉक्टरांना सांगा.

आणि वडीलमंडळींनो, हे काम आईवर टाकून मोकळे होऊ नका. रात्री जेवणानंतर दहा मिनिटे मुलाजवळ बसा. तो काय बघतो आहे, ते तुम्हीही बघा.