सूक्ष्मजंतूंच्या नव्या जातींची निश्चिती

रुग्णाचे रक्त, थुंकी, पू, मल किंवा त्वचेचा छेद यांतून मिळालेला सूक्ष्मजंतू ज्ञात जातींपैकी कोणता, हे ठरविण्याच्या क्रियेस अभिज्ञान म्हणतात. तो कोणत्याही ज्ञात जातीत बसत नसल्यास त्याचे गुणधर्म नोंदवून त्याला वर्गीकरणात स्थान व नाव देणे म्हणजे नव्या जातीची निश्चिती होय. औषधयोजना अभिज्ञानावर अवलंबून असल्याने या कार्यास केवळ शास्त्रीय नव्हे, तर प्रत्यक्ष वैद्यकीय महत्त्व आहे.

प्रथम नमुना पोषक माध्यमावर वाढवून शुद्ध संवर्धन मिळवितात. नंतर ग्रॅम रंजन (१८८४), आकार, ऑक्सिजनाची गरज, शर्करांचे किण्वन इ. कसोट्या लावतात. ही लक्षणे फसवी ठरू शकतात. म्हणून कार्ल वोस यांनी १९७७ मध्ये रिबोसोमी आरएनएच्या तुलनेवर आधारलेली वंशावळ मांडल्यापासून जनुकीय पुराव्याला प्राधान्य मिळाले. १६-एस रिबोसोमी जनुकातील साम्य सु. ९८·७ टक्क्यांहून कमी असल्यास जाती नवी असण्याचा संभव असतो. संपूर्ण जनुकसंचांच्या तुलनेत सरासरी साम्य ९५–९६ टक्क्यांखाली असणे, हा अधिक निर्णायक निकष होय. नव्या जातीचे प्ररूप वाण दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहालयांत ठेवावे लागते आणि नावास आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मान्यता घ्यावी लागते. अशा मान्य नावांची पहिली सूची १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. पुण्यातील संशोधकांनी निरोगी व्यक्तींच्या मलातून मिळविलेली मेगास्फेरा इंडिका (२०१४) ही विनॉक्सिजीवी जाती याच पद्धतीने वर्णिली गेली.

चुकीच्या अभिज्ञानाचे परिणाम गंभीर असतात. मेलिऑयडोसिस रोगाचा जंतू पूर्वी स्यूडोमोनास वंशात गणला जाई. १९९२ मध्ये तो बर्कहोल्डेरिया या नव्या वंशात घालण्यात आला. त्यास सामान्य स्यूडोमोनास समजून जेंटामायसीन दिल्यास बहुधा उपयोग होत नाही, कारण बहुतेक वाण या औषधास निसर्गतःच दाद देत नाहीत.

सर्वच जंतू माध्यमावर वाढत नाहीत, याचे ठळक उदाहरण कुष्ठरोगाचे आहे. चंद्रपूर व गडचिरोली (१९८२ पर्यंत एकच जिल्हा) या वनप्रदेशाला हा रोग चांगलाच परिचित असून वरोडा येथील बाबा आमटे यांचे आनंदवन कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठीच उभे राहिले. हॅन्सन यांनी मायकोबॅक्टिरियम लेप्री हा जंतू १८७३ मध्ये पाहिला. परंतु तो कृत्रिम माध्यमावर अद्याप वाढविता आलेला नाही. त्याच्या द्विगुणनास सु. १२–१४ दिवस लागतात. शेपर्ड यांनी १९६० मध्ये तो उंदराच्या तळपायात वाढविला. २००१ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यानंतर २००८ मध्ये, मेक्सिकन वंशाच्या रुग्णांच्या ऊतींतील जनुकीय भेदांवरून, कुष्ठरोगाच्याच दुसऱ्या जंतूचे मायकोबॅक्टिरियम लेप्रोमॅटोसिस हे नाव सुचविण्यात आले. सूक्ष्मदर्शकाखाली हे दोन्ही जंतू आम्लस्थिर शलाका म्हणूनच दिसतात. त्यांतील भेद जनुकेच सांगतात.

गडचांदूरसारख्या जिल्हा मुख्यालयापासून दूरच्या गावी मात्र पहिला पुरावा रुग्णाच्या अंगावर असतो. त्वचेवरील बधिर चट्टा व जाड झालेली मज्जा ही लक्षणे ओळखून बहुविध औषधोपचार वेळेवर सुरू केल्यास हातापायांची विकृती बहुतांशी टळते. त्यासाठी जनुकीय तपासणीची वाट पाहावी लागत नाही. उलट, संवर्धनाने ओळखावयाच्या जंतूंचे नमुने योग्य तापमानात व त्वरेने प्रयोगशाळेत पोहोचले नाहीत, तर मूळ जंतू मरून इतरच वाढतात आणि निदान चुकते. नव्या जातीचा शोध आणि ज्ञात जातीचे अचूक अभिज्ञान ही दोन्ही कार्ये अशा रीतीने काळजीपूर्वक घेतलेल्या नमुन्यापासूनच सुरू होतात.