खळ्यावरचा न्याय

आजच्या इस्राएलमधल्या गेझेर इथल्या उत्खननात १९०८ मध्ये चुनखडीची एक छोटी पाटी सापडली. इ.स.पू. दहाव्या शतकाच्या आसपासची ही पाटी वर्षाचे महिने शेतीच्या कामांवरून मोजते: पेरणी, उशिराची पेरणी, जवसाची काढणी, सातूची कापणी, द्राक्षवेलींची निगा, उन्हाळी फळं. प्राचीन इस्राएलचे सणही याच चक्रातले. वल्हांडण सातूच्या सुगीत, शावुओत गव्हाच्या, आणि मांडवांचा सण सगळं घरात आल्यावर. म्हणजे सुगी हा हक्काचा आनंद. संदेष्ट्यांनी लोकांना धाक घातला तो नेमका या आनंदाचाच.

सुरुवात आमोसापासून करावी लागते. यहूदातल्या तकोवा गावचा हा माणूस मेंढरं राखणारा, उंबरांची निगा करणारा. इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्याला, राजा दुसऱ्या यराबामाच्या काळात, तो उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात जाऊन बोलू लागला. तिथे पैसा खेळत होता. राजधानी शोमरोनमध्ये साधारण याच शतकातली खापरं सापडली आहेत आणि त्यांवर द्राक्षारस आणि तेल यांच्या आवकीच्या नोंदी आहेत. आमोसाला दृष्टान्त होतो तो पिकल्या फळांच्या टोपलीचा. आपल्याला वाटावं, आता समृद्धीचं काही ऐकायला मिळेल. त्याला मात्र ऐकू येतं की या लोकांचा शेवट आला. लगेच आरोपपत्र: शब्बाथ कधी संपतो आणि दुकान कधी उघडतो असं व्यापाऱ्यांना झालेलं, माप लहान, वजन जड, आणि गव्हाच्या नावाखाली झाडलोटही विकायची.

हा शेवटचा आरोप मला सगळ्यात बोचरा वाटतो, कारण खाली पडलेल्या दाण्याबद्दल तिथे वेगळाच दंडक होता. शेताचे कोपरे कापू नयेत, सरवा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडावा, असं लेवीय ग्रंथ सांगतो. विधवा रूथ बेथलेहेमात सरवा वेचूनच सासूला जगवते. संदेष्टे न्याय मोजतात तो याच मापानं. यशया म्हणतो, याकोबाचं, म्हणजे इस्राएलचं, वैभव रेफाईमच्या खोऱ्यातल्या कापलेल्या शेतासारखं होईल. जैतुनाचं झाड झोडपल्यावर शेंड्याला दोन-तीन फळं राहतात, तेवढेच लोक उरतील. ओबद्या शेजारच्या अदोम राष्ट्राला त्याहून कठोर सुनावतो. द्राक्षं तोडणारेसुद्धा मागे काही ठेवतात, तुझं तेवढंही राहणार नाही. ज्यांच्या दारात सरवा मागायला माणसं येत, त्यांचाच सरवा व्हावा, हा माझ्या वाचनातला या प्रतिमांचा गाभा.

मळणीच्या प्रतिमा अधिक क्रूर आहेत. तिकडे बैलांच्या नुसत्या खुरांवर भागत नसे. खालून दगडांचे अणकुचीदार तुकडे ठोकलेला जड फळा पेंढ्यांवरून ओढत. दिमिष्कानं (दमास्कसनं) इस्राएलच्या गिलाद प्रांताला लोखंडी अवजारांनी मळलं, असा आमोसाचा ठपका आहे. मीखा राष्ट्रांना खळ्यावर आणलेल्या पेंढ्या म्हणतो, यिर्मयाचं पुस्तक बाबेललाच खळं म्हणतं. होशेयाच्या लेखी मूर्तिपूजक म्हणजे वाऱ्यावर उडणारं भूस. योएल तर विळा आणि द्राक्षकुंड एकाच दमात आणतो. पीक तयार आहे, कुंड भरून वाहतंय, कारण दुष्टाई उतू चाललीय.

या सगळ्यात यशयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातला शेतकरी वेगळा उभा राहतो. कलौंजीवर तो फळा फिरवत नाही, ती काठीनं झोडतो. जिरंही तसंच. भाकरीचं धान्य मळतो, पण त्याचा चुरा होईपर्यंत नाही. हे शहाणपण त्याला देवानंच शिकवलंय, असं यशया सांगतो. जेरुसलेमला धमकावून झाल्यावर लगेच हा तुकडा येतो, हे विसरू नये. शिक्षेलाही पिकागणिक अवजार आणि मर्यादा असते, असं शेतकऱ्यांना वेगळं समजावावं लागलं नसणार.

शोमरोन इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरांच्या हाती पडलं. आमोसाच्या पुस्तकाच्या शेवटी मात्र नांगरणारा कापणी करणाऱ्याला गाठतो. इतकं पिकतं, की नव्या नांगरणीची वेळ आली तरी जुनं पीक कापून होत नाही. हा भाग पुष्कळ अभ्यासक नंतरची भर मानतात. मलाही ते पटतं. मात्र ज्यानं ही भर घातली, त्यानं दिलाशासाठीही शेतच निवडलं.