उसाच्या ट्रॉलीखालचा जॅक

दसरा-दिवाळी झाली की पाटोदा तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. बालाघाटाच्या डोंगरात मांजरा नदी इथेच उगम पावते, पण माथ्यावरची कोरडवाहू जमीन वर्षभर पोट भरत नाही. मग ऊसतोडीचे कोयते पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या साखर कारखान्यांकडे निघतात. ट्रॅक्टरमागे ट्रॉल्या, ट्रॉल्यांत संसार आणि ड्रायव्हरच्या सामानात तेलाने माखलेला एक बाटली जॅक. मजुरांच्या आगाऊ उचलीवर, ती देणाऱ्या मुकादमांवर पुष्कळ लिहून झालं. या जॅककडे मात्र टायर बसल्याशिवाय कोणी बघत नाही.

त्याची करामत साधी आहे. कोंडलेल्या तेलावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगितलं. 1795 मध्ये इंग्लंडात जोसेफ ब्रामाने त्यावर दाबयंत्राचं पेटंट घेतलं आणि 1851 मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने ते हातात उचलून नेता येईल असं केलं. समजा, जॅकच्या लहान दट्ट्याचा व्यास 12 मिलिमीटर आणि मोठ्याचा 36. व्यास तिप्पट, म्हणून क्षेत्रफळ नऊपट. दांडा जोर पंधरापट करत असेल, तर हाताच्या 30 किलोंचे चार टन होतात. फुकट काही नाही: लहान दट्ट्या 18 मिलिमीटर दाबावा तेव्हा मोठा जेमतेम 2 मिलिमीटर चढतो. चाक दहा सेंटिमीटर उचलायचं तर दांडा पन्नास वेळा मारावा लागतो.

एवढा भार तोलून धरतं कोण? आतली एक छोटी पोलादी गोळी आणि रबरी सील. गोळीखाली कचऱ्याचा कण अडकला किंवा सील झिजलं की तेल मागे सरकतं आणि ट्रॉली हळूहळू बसते. सील फुटलं तर तेवढाही वेळ मिळत नाही. म्हणून जॅक उचलण्यापुरता. उचललेलं धरायला लोखंडी घोडी किंवा जाड लाकडी ठोकळे हवेत. नेमके तेच आपल्याकडे नसतात. कारखान्यावर नंबर लागायचा असतो, रात्र असते, आणि माणूस तसाच खाली शिरतो. याला मी धाडस म्हणणार नाही.

फडातली जमीन हा आणखी वेगळा शत्रू. भिजलेल्या काळ्या मातीत जॅकचं बूड रुततं आणि तो कलंडतो. खाली रुंद, जाड फळी हवी, समोरच्या चाकांना पुढून-मागून दगड हवेत. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत. जॅक आसाखाली आणि उभाच लावावा. साधा बाटली जॅक आडवा केला तर तेलाऐवजी हवा ओढतो. तेल कमी पडलं म्हणून ब्रेक ऑइल ओतणारेही भेटतात. त्याने सील फुगून खराब होतात.

उतरवणं तर सगळ्यांत घाईने उरकलं जातं. तळाचा स्क्रू एकदम सोडला की भरलेली ट्रॉली आदळते. तो किंचित फिरवावा, तेल हळू परतू द्यावं, आणि त्याआधी खाली कोणी नाही हे वाकून बघावं.

हंगामापूर्वी कारखाने वाहतुकीचे करार करतात. त्या करारात ट्रॉलीमागे चार ठोकळे, एक फळी आणि तपासलेला जॅक एवढी अट घालायला काय हरकत आहे? ठोकळे तर गावातला सुतारही करून देईल.