जुनी गाडी : हौस की गुंतवणूक?

कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या टॅक्सीतळावरून कायमची गेली. भाव चढलाच तर मूळ इंजिन, मूळ रंग आणि चोख कागदपत्रे असलेल्या खासगी पद्मिनीचा चढेल. टॅक्सी म्हणून झिजलेलीचा नव्हे, असा आमचा कयास.

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. नोंदणीशुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. रोजच्या वापराला मात्र मनाई! डिसेंबर १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००ला या मानासाठी २०३३ उजाडावे लागेल.

समुद्रकाठच्या घिवली-तारापूरच्या खाऱ्या वाऱ्यात पत्रा लवकर गंजतो. सौदा ठरवण्याआधी गाडी जॅकवर चढवून खालून नीट पाहा.