स्प्रिंगची उंची मोजा, मगच हेड बांधा

आमचा धंदा कापडाचा. मोजून घ्यायचे, मोजून द्यायचे, एवढेच आम्ही शिकलो. पण मुलुंडला लाल बहादूर शास्त्री मार्गावर (जुना आग्रा रोड) ये-जा असल्याने गॅरेजवाल्या कारागीर बांधवांशी आमचा नेहमीचा संबंध. याच रस्त्यावर कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात 'पद्मिनी' बनत असे. ती टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईतून निवृत्त झाली, तरी शौकिनांच्या जुन्या गाड्या अजून येतात. कोणाला इंजिनाची ताकद वाढवून हवी असते, कोणाला गाडी गॅसवर चालवायची असते. अशा कामात एक माप बरेच जण सोडून देतात. ते म्हणजे व्हॉल्व्ह-स्प्रिंगची बसवलेली उंची.

व्हॉल्व्ह बंद असताना हेडवरील स्प्रिंगच्या बैठकीपासून वरच्या टोपीच्या खालच्या बाजूपर्यंतचे अंतर, म्हणजे ही उंची. गॅसवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोलचा ओलावा मिळत नाही, त्यामुळे व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते. सीट पुन्हा कापली की व्हॉल्व्ह आत बसतो, दांडी वर येते आणि ही उंची वाढते. स्प्रिंग नवी असली तरी दाब कमी पडतो.

हिशेब साधा आहे. समजा मोकळी स्प्रिंग 45 मि.मी. असून दर मि.मी. दाबायला 5 किलो लागतात. उंची 38 असेल तर दाब 35 किलो. सीट कापून उंची 39 झाली की दाब 30 वर येतो. मग जास्त फेऱ्यांवर व्हॉल्व्ह वेळेत बंद होत नाही. काही इंजिनांत तो पिस्टनलाही लागतो. नुकसान गिऱ्हाइकाचे आणि नाव कारागिराचे जाते.

मोजायची रीत अशी. स्प्रिंग न लावता व्हॉल्व्ह, टोपी आणि लॉक बसवा. टोपी वर घट्ट ओढून धरा आणि आतले अंतर मापकाने घ्या. प्रत्येक व्हॉल्व्हचे माप वेगळे लिहून ठेवा. पद्मिनीत ते 8 होतात. कंपनीच्या किंवा नव्या स्प्रिंगच्या कागदावरील मापाशी ताडून पाहा. जिथे उंची जास्त, तिथे स्प्रिंगखाली तेवढ्या जाडीची शिम घाला.

शिम घालताना उलटी चूकही होऊ नये. कॅम जितका उचलतो तेवढे बसवलेल्या उंचीतून वजा करा. 38 मधून 9 गेले, राहिले 29. स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना चिकटण्याची उंची 27 असेल तर 2 मि.मी. जागा उरते. साधारण दीड मि.मी. तरी हवी. टोपी गाईडला किंवा सीलला लागत नाही ना, तेही बघावे.

या कामाला अर्धा-एक तास लागतो. त्याची मजुरी बिलात वेगळी लिहावी आणि मापांचा कागद गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. कापडात दुकानदाराची साख मापावर असते. गॅरेजचा धंदाही याहून वेगळा नाही.