मोबाइलमधला रिमोट

मोबाइलवरून टीव्ही चालवण्याचे मार्ग दोन आहेत: एक अवरक्त किरणांचा, दुसरा वाय-फायचा. मोबाइलच्या पडद्यावर दोन्हींचे रूप सारखेच असते. आवाजाची बटणे, चॅनेलची बटणे आणि वरच्या कोपऱ्यात बंद-चालूचे लाल बटण. आत मात्र दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. चंद्रपूर शहरात वाय-फाय असलेल्या घरात जो मार्ग सोपा, तोच एटापल्ली तालुक्यातल्या एखाद्या गावात अडून बसतो. कोणता मार्ग चालेल हे मोबाइलच्या किमतीवर फारसे ठरत नाही. ते टीव्हीवर आणि त्याला जोडलेल्या सेट टॉप बॉक्सवर ठरते.

अवरक्त मार्ग जुना. साध्या रिमोटच्या टोकाला एक बारीक एलईडी असतो. तो साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतो. बटण दाबले की हा प्रकाश सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याचे छोटे-मोठे तुकडे पाडून हुकूम पाठवला जातो. 'एनईसी' नावाच्या बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांचा एक लांब झोत येतो, मग साडेचार मिलिसेकंद शांतता आणि त्यानंतर ३२ अंक, सगळे शून्य किंवा एक. हुकूम कोणत्या यंत्रासाठी आहे आणि काय करायचे आहे, हे त्यात सांगितलेले असते. हीच माहिती उलट करून पुन्हा एकदा पाठवली जाते, म्हणजे वाटेत काही बिघडले तर टीव्हीला ओळखता यावे. हा सगळा व्यवहार सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच उरकतो.

लुकलुकण्याची ही ठरावीक लय उन्हासाठी आहे. सूर्यप्रकाशात अवरक्त किरण भरपूर असतात, पण ते लुकलुकत नाहीत. त्यामुळे टीव्हीतला ग्राहक त्यांना बाजूला सारून नेमक्या लयीचाच प्रकाश उचलतो. ही युक्ती नव्हती तेव्हा फजिती होत असे. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने १९५५ मध्ये आणलेला 'फ्लॅशमॅटिक' हा बिनतारी रिमोट टॉर्चसारखा साध्या उजेडावर चाले, आणि टीव्हीच्या कोपऱ्यावर ऊन पडले की चॅनेल आपोआप बदलत. पुढच्याच वर्षी रॉबर्ट अॅडलर यांनी ध्वनिलहरींवर चालणारा रिमोट दिला. अवरक्त किरण त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. अर्थात आजचा ग्राहकही उन्हापुढे पूर्ण निर्धास्त नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यातले दुपारचे ऊन दारातून थेट टीव्हीच्या तोंडावर येत असेल तर रिमोट चार पावले पुढे नेऊन दाबावा लागतो. मोबाइललाही यातून सूट नाही.

मोबाइलमध्ये असाच एलईडी बसवण्याची लाट २०१३ च्या सुमारास आली. सॅमसंगचा गॅलेक्सी एस ४ आणि एचटीसीचा वन हे त्या वर्षीचे गाजलेले फोन त्यासह आले आणि वर्षाअखेरीस अँड्रॉइड ४.४ मध्ये अवरक्त एलईडीसाठी खास सोय झाली. सॅमसंगने तीनेक वर्षांत तो काढून टाकला. शाओमीने मात्र रेडमी आणि पुढे पोको मालिकेतल्या कितीतरी फोनमध्ये तो ठेवला, आणि हे फोन गावोगाव पोहोचलेले असल्याने ही सोय पुष्कळांच्या खिशात नकळत पडून आहे. ओळखायची खूण म्हणजे फोनच्या वरच्या कडेवरचा काळपट, काचेसारखा ठिपका. तो नसेल तर कोणतेही अॅप उतरवून उपयोग नाही. 'सगळ्या टीव्हींचा रिमोट' अशा नावाची अॅप अशा फोनवर केवळ जाहिराती दाखवत राहतात. आयफोनमध्ये असा एलईडी कधीच नव्हता.

एलईडी नसलेल्या फोनला चार्जिंगच्या जागी खोचायचे छोटे यंत्र बाजारात मिळते. जुन्या, इअरफोनच्या भोकात बसणाऱ्या प्रकारात एक गंमत आहे. इअरफोनच्या वाटेने ३८ हजारांची लय नीट बाहेर पडत नाही. म्हणून त्यात दोन एलईडी एकमेकांच्या उलट जोडलेले असतात आणि फोन १९ हजारांची लय सोडतो. लहरीच्या पुढच्या अर्ध्या भागात एक पेटतो, मागच्या अर्ध्यात दुसरा. दोघांचे मिळून ३८ हजार भरतात.

मोबाइल एरवीही रिमोटच्या कामी येतो. रिमोट चालेनासा झाला की दोष सेलचा, रिमोटचा की टीव्हीचा, हा पहिला प्रश्न. सेल्फीचा कॅमेरा उघडून रिमोटचे टोक त्याच्यासमोर धरावे आणि बटण दाबावे. पडद्यावर फिकट जांभळा ठिपका लुकलुकला तर रिमोट प्रकाश सोडतो आहे, म्हणजे दोष पुढे कुठेतरी आहे. ठिपका दिसला नाही तर आधी सेल बदलावेत. मागच्या कॅमेऱ्यावर अवरक्त अडवणारी काच बहुधा जास्त कडक असते, म्हणून ही परीक्षा पुढच्या कॅमेऱ्याने घ्यावी.

गावातल्या घरात पुष्कळदा दोन रिमोट असतात, एक टीव्हीचा आणि एक छत्रीच्या डब्याचा, म्हणजे सेट टॉप बॉक्सचा. चॅनेल डब्यातून येतात, म्हणून ते बदलायला डब्याचाच रिमोट लागतो. मोबाइलवर दोन्ही वेगवेगळे बसवावे लागतात. टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही यांचे डबे अॅपच्या यादीत सहसा सापडतात. अडचण होते ती डीडी फ्री डिशची. दूरदर्शनने डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू केलेली ही सेवा महिन्याचे पैसे घेत नाही, म्हणून जंगलपट्ट्यात तिला मागणी आहे. पण तिचे डबे अनेक उत्पादक बनवतात आणि प्रत्येकाची सांकेतिक भाषा वेगळी असू शकते. यादीत नाव नसेल तर मिळतेजुळते डबे एकेक करून ताडून पाहणे एवढेच हाती राहते. मूळ रिमोट समोर धरून त्याची भाषा शिकून घेण्याची सोय फार थोड्या फोनमध्ये आहे, कारण बहुतेकांना अवरक्त प्रकाश सोडता येतो, वाचता येत नाही. कोणताच संकेतांचा संच जुळला नाही तर आठवडी बाजारात किंवा टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात डबा दाखवून रिमोट घेणे हाच शहाणपणा.

अवरक्त रिमोट चालताना नेट लागत नाही, रेंजही लागत नाही. नेट लागते ते एकदाच, अॅपमध्ये आपल्या टीव्हीच्या संकेतांचा संच उतरवून घेताना. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि रिमोट नेमका तेव्हा बिघडला तर आलापल्ली-अहेरी गाठणेही जमत नाही. रेंज असलेल्या ठिकाणी आधीच संच उतरवून ठेवलेला फोन अशा वेळी कामास येतो. लाइन जाऊन परत आल्यावरही हाच मार्ग भरवशाचा, कारण टीव्ही झोपेत असला तरी त्याचा अवरक्त ग्राहक जागा असतो.

वाय-फायचा मार्ग स्मार्ट टीव्हीपुरता आहे. फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर असले की अॅपला टीव्ही सापडतो, टीव्हीच्या पडद्यावर एक संकेतांक उमटतो, तो फोनवर टाकला की जोडणी होते. अँड्रॉइडवर चालणाऱ्या टीव्हींसाठी गुगल टीव्ही, सॅमसंगसाठी स्मार्टथिंग्ज, एलजीसाठी थिंक्यू ही अॅप आहेत. टीव्हीत लावलेल्या फायर टीव्ही स्टिकला अवरक्त ग्राहकच नसतो, त्यामुळे तिथे हाच मार्ग उरतो. यात फोन टीव्हीकडे रोखावा लागत नाही, दुसऱ्या खोलीतूनही चालतो. शोधाच्या चौकटीत एकेक अक्षर बाण सरकवत निवडण्यापेक्षा फोनवर टाइप करता येते, ही याची खरी कमाई. मराठीत बोलूनही लिहिता येते.

घरात राउटर नसेल तर वाय-फायचा मार्ग बंदच, असा पुष्कळांचा समज असतो. तो पुरता बरोबर नाही. हुकूम फोनकडून टीव्हीकडे जायला इंटरनेट लागत नाही. दोघे एकाच जाळ्यात असले की पुरे. एका मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून टीव्ही त्याला जोडला, तर टीव्ही चालवता येतो. काही अॅपना स्वतःच्याच हॉटस्पॉटवरचा टीव्ही दिसत नाही. तेव्हा हॉटस्पॉट दुसऱ्या फोनचा घ्यावा. सिनेमा मागवायला मात्र डेटा लागणारच, आणि हॉटस्पॉटवर तो भराभर संपतो.

खरा पेच मूळ रिमोट हरवल्यावर पडतो. टीव्हीला नवे वाय-फाय सांगायला रिमोट हवा आणि मोबाइलचा रिमोट चालायला वाय-फाय हवे. यातून सुटण्याची एक युक्ती अशी: टीव्ही पूर्वी ज्या वाय-फायला जोडलेला होता, त्याचेच नाव आणि तोच पासवर्ड हॉटस्पॉटला द्यावा. अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे, इंग्रजी लहान-मोठी अक्षरेसुद्धा. टीव्ही ते ओळखीचे समजून स्वतःहून जोडला जातो. अँड्रॉइड टीव्हीच्या यूएसबी भोकात संगणकाचा साधा माउस लावला तरी पडद्यावर बाण येतो आणि सेटिंगपर्यंत पोहोचता येते.

बंद टीव्ही वाय-फायवरून चालू करता येणे हे मॉडेलवर आणि सेटिंगवर अवलंबून असते. बरेच टीव्ही झोपेत गेले की वाय-फाय बंद करतात. सेटिंगमध्ये नेटवर्कवरून चालू होण्याची मुभा असेल तर ती आधी द्यावी लागते. नाहीतर पडद्याच्या खालच्या किंवा मागच्या कडेला असलेले छोटे बटण चाचपडून शोधावे.

सुरक्षेच्या बाबतीत दोन्ही मार्ग विरुद्ध टोकांचे आहेत. अवरक्त हुकुमाला कसलीही ओळख लागत नाही. पंचायतीच्या सभागृहातला किंवा चहाच्या टपरीवरचा टीव्ही समोर दिसत असेल तर कोणाचाही रेडमी त्याचा आवाज वाढवू शकतो. वाय-फायच्या जोडणीला संकेतांक लागतो, पण एकदा जोडलेला फोन सहसा जोडलेलाच राहतो. तो फोन विकला किंवा कुणाला दिला, तर टीव्हीच्या सेटिंगमधल्या जोडलेल्या उपकरणांतून त्याचे नाव काढून टाकावे लागते.