सिंदखेडराजा : दोन मुलखांच्या शिवेवरचे गाव

पंढरपूरला किंवा शिर्डीला जाताना आपल्यापैकी कितीतरी जण सिंदखेडराजावरून गेले असतील. रस्त्याच्या कडेला राजवाड्याचा भव्य दरवाजा दिसतो, गाडीतूनच हात जोडले जातात आणि गाडी जालन्याच्या वाटेला लागते. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून तर पुष्कळांचे तेवढेही होत नाही.

लखुजी जाधवराव आणि म्हाळसाबाई यांच्या पोटी १५९८ साली जिजाऊ इथेच जन्मल्या. १२ जानेवारीला जन्मोत्सवाला अलोट गर्दी लोटते, ती लोटायलाच हवी. पण त्या गर्दीत राजवाड्यापलीकडचे गाव बघायचे राहून जाते, म्हणून हा लेखप्रपंच.

हे गाव कायम शिवेवरचे. आणि शिवेवरच्या शेताला धुऱ्याचे भांडण चुकत नाही! स्वतः लखुजीराजे, त्यांचे मुलगे आणि नातू १६२९ साली निजामशहाच्या दरबारात दौलताबादेस दग्याने मारले गेले. पुढे १७२४ साली याच तालुक्यातल्या साखरखेर्ड्याला निजामाने मुबारिझखानाला लढाईत मारले आणि दख्खनची सत्ता घट्ट केली. गावाच्या नावात साखर, पण घडले ते कडूच. १७५७ साली पेशव्यांच्या फौजा सिंदखेडवर निजामाशी भिडल्या. १८५३ नंतर वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले, जालना मात्र १९४८ पर्यंत निजामाकडेच होते. तेव्हा परका मुलूख लागायचा, आता तिथे नुसती जिल्ह्याची पाटी लागते.

लखुजीराजांची समाधी अवश्य बघावी. एवढी मोठी समाधी आपल्या भागात दुसरी नाही. केंद्रीय पुरातत्त्व खात्याने तिथे जतनाचे काम काढले, तेव्हा आधी जुन्या शिवमंदिराचा पाया लागला. मग जून २०२४ मध्ये सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची अखंड मूर्ती निघाली. लांबी १ मीटर ७० सेंटिमीटर, पायाशी लक्ष्मी, खाली समुद्रमंथनाचा देखावा. म्हणजे जाधवांच्याही आधी काही शतके हे गाव नांदते होते.

रंगमहाल, काळाकोट, नीलकंठेश्वराचे देऊळ, पुतळा बारव हेही पाहण्याजोगे. जिजाऊ आणि शहाजीराजांची सोयरीक रंगपंचमीला रंगमहालात ठरली, असे जुनी माणसे सांगतात.

पण आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो ते मोती तलावाच्या बांधावर. आपण ऊसवाले, पाणी काय चीज आहे हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गावातून मोठी नदी वाहत नाही, तरी जाधवांनी पावसाचे पाणी अडवून गाव वसवले. बांध कसला, किल्ल्याचा तटच म्हणा! पाण्याचा रेटा सोसेल अशी जाड, चिरेबंदी भिंत. दुसरा चांदणी तलाव, त्याच्या मधोमध तर मजल्यांची इमारत आहे. आपण बोअर दरवर्षी खाली खाली नेतो आणि पाणी लागले नाही की नशिबाला बोल लावतो. त्यांनी वरच्या वर पाणी धरले. वाडा आणि तलाव दोन्ही बघा, आणि राजे कुठे जास्त दिसतात ते तुम्हीच ठरवा.

बांधकाम दगडाचे असले तरी ते अमर नाही बरं का. फटीत पिंपळ रुजला की मुळी चिरा हलवते, आणि सुटलेला चिरा कुणाच्या तरी ओट्याला जातो. नावे कोरणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. याच तालुक्यात दुसरबीडला उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याला सभासदांनी जिजामातेचे नाव दिले होते. इतका आपल्या सर्वांचा या गावाशी जिव्हाळा. मग शाळेच्या सहलीबरोबर गेलेल्या पोराला तिथे कोळसा हातात घेऊ नको, एवढे तरी घरून सांगून पाठवावे.

जायचे तर पाऊस उघडल्यावर, तोडणी सुरू व्हायच्या आत जावे. तलावात पाणी असते आणि आपल्यालाही सवड असते. सकाळी लवकर पोहोचलात तर राजवाडा, समाधी आणि दोन्ही तलाव दुपारपर्यंत निवांत होतात. मुक्कामाची गरज नाही, भाकरी बांधून न्यावी आणि मोती तलावाच्या काठी खावी.